हाताने लोकर कातायला शिकताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टकळीवर, म्हणजे दांडी आणि चकतीच्या हाताने फिरवायच्या साधनावर, लोकर कातायला नव्याने शिकणाऱ्यांना जे प्रश्न पुन्हा पुन्हा पडतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण शिकणारा तिथेच अडतो. विणकाम येत नसलं तरी कातणं शिकता येतं. आधी कापूस कातायला हवा असंही नाही.

कातताना नेमकं काय होतं? सुटे केस धागा होऊन टिकतात कसे?

दोन गोष्टी एकाच वेळी घडतात, ओढ आणि पीळ. ओढीने तंतूंचा पुंजका लांब आणि बारीक होतो, पिळाने ते तंतू एकमेकांवर आवळले जातात. आवळलेल्या तंतूंमधलं घर्षण धाग्याला ताकद देतं. लोकरीच्या प्रत्येक तंतूवर अगदी बारीक खवले असतात आणि तंतू जन्मतःच नागमोडी असतो, त्यामुळे तो शेजारच्या तंतूला चांगला धरून ठेवतो. तंतू लांबही असतो. कापसाचा तंतू साधारण अडीच-तीन सेंटिमीटरचा, तर लोकरीचा जातीप्रमाणे पाच सेंटिमीटरपासून पंधराच्याही पुढे. म्हणून नवशिक्याला कापसापेक्षा लोकर सोपी जाते. कमी पिळातही धागा उभा राहतो.

पुढच्या जवळपास सगळ्या अडचणी ओढ आणि पीळ यांचा मेळ बिघडल्याने येतात. धागा बिघडला की आधी विचारा: पीळ कमी पडला की जास्त झाला? ओढ घाईची झाली का?

सुरुवात टकळीने करावी की थेट चरखा घ्यावा?

टकळीने. चरख्याला दोन्ही हात, डोळे आणि काही वेळा पायही एकदम कामाला लागतात, आणि चाक तुमच्यासाठी थांबत नाही. टकळी थांबते. तुम्ही ती गुडघ्यांत धरून धाग्याकडे हवा तेवढा वेळ पाहू शकता आणि पीळ कुठवर चढला ते बोटांनी चाचपू शकता. शिवाय ती स्वस्त आहे, पिशवीत मावते आणि बिघडत नाही. हिमाचलात गद्दी मेंढपाळ कळपामागे चालता चालता टकळीवर लोकर कातत आले आहेत. टकळी ही नवशिक्यांची तात्पुरती सोय आहे असं कुणी म्हटलं तर मानू नका.

घरात आजोबांची सूतकताईची टकळी आणि पेटी चरखा आहे. त्यावर लोकर कातता येईल का?

येईल, पण शिकण्यासाठी तो सोयीचा मार्ग नाही. १९३७ च्या वर्धा परिषदेनंतर गांधीजींच्या नयी तालीम शिक्षणपद्धतीच्या शाळांमध्ये जी टकळी आली, ती कापसासाठी होती. बारीक दांडी, छोटी पितळी किंवा लोखंडी चकती, वजन अगदी कमी. ती भराभर फिरते, कारण आखूड तंतूच्या कापसाला भरपूर पीळ लागतो. लोकरीला एवढा पीळ दिला तर धागा तारेसारखा ताठ होतो आणि स्वतःभोवती वेटोळी घालतो. पेटी चरख्याचंही तसंच. त्याची चाती, म्हणजे धागा पिळणारी टोकदार सळई, चाकाच्या एका फेऱ्यात खूप वेळा फिरते, आणि मध्यम जाडीचा लोकरीचा धागा तिच्यावर थोडाच मावतो.

हात बसल्यावर मात्र पेटी चरख्यावर बारीक लोकर सुरेख कातता येते. तोवर तो पुसून, माळ (चाक फिरवणारी दोरी) बदलून ठेवा.

लोकरीसाठी टकळी कशी असावी? घरी करता येईल का?

वजन तीस ते चाळीस ग्रॅम, दांडी पंचवीस-तीस सेंटिमीटर, आणि चकती अशी की वजन काठाकडे जास्त असेल. काठाला वजन असलेली टकळी जास्त वेळ फिरत राहते. चकती वरच्या टोकाजवळ असेल तर दांडीच्या माथ्यावर एक लहान आकडा हवा. चकती खाली असलेली टकळीही तितकीच चांगली, फक्त तिच्यात वरच्या टोकाला धाग्याचा फास घालावा लागतो. नवशिक्याला आकड्याची टकळी सोपी जाते.

घरी करायची तर हार्डवेअरच्या दुकानातून पेन्सिलीएवढी जाड, सरळ लाकडी काठी घ्या. दोन जुन्या सीडी एकमेकींवर ठेवून मधल्या भोकात रबरी वायसर बसवा आणि काठी त्यातून घट्ट सरकवा. वरच्या टोकाला कप टांगायचा पितळी आकडा फिरवून बसवा. हातात फिरवून पाहा. डगडगत असेल तर आकडा बहुधा मधोमध नाही, तो वाकवून काठीच्या रेषेत आणा. सुताराकडून कातीव लाकडाची चकती करून घेतली तर फारच छान.

दुकानात ‘लोकर’ म्हणून मिळणारे गोळे उसवून सराव करता येईल का?

नाही. ते आधीच कातलेले असतात, आणि आपल्याकडच्या दुकानांत विणकामासाठी मिळणारी बहुतेक रंगीत लोकर अ‍ॅक्रिलिक असते. ती मेंढीवरून आलेलीच नसते. शंका असेल तर छोटा तुकडा चिमट्यात धरून, स्टीलच्या ताटलीवर, जाळून पाहा. खऱ्या लोकरीला जळक्या केसांचा वास येतो, ज्योत काढली की ती विझते आणि मागे राहिलेली राख बोटांत चुरगळते. अ‍ॅक्रिलिक वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो.

तुम्हाला हवी आहे ती धुऊन पिंजलेली, न कातलेली लोकर. ती दोन रूपांत मिळते. ‘टॉप’ म्हणजे विंचरून सगळे तंतू एका दिशेने लावलेला लांब पट्टा. त्याचा धागा गुळगुळीत आणि मजबूत होतो. ‘पेळू’ म्हणजे पिंजून गुंडाळलेली नळी. त्यात तंतू आडवेतिडवे असतात आणि हवा भरलेली असते, म्हणून धागा फुगीर आणि उबदार होतो. सुरुवातीला पिंजलेली लोकर बरी. टॉप हातातून फार चटकन निसटतो.

कोणत्या मेंढीची लोकर घ्यावी? सगळे मेरिनो सांगतात.

मेरिनो पहिल्यांदा घेऊ नका, हे मी आग्रहाने सांगेन. तिचा तंतू फार बारीक, साधारण अठरा ते चोवीस मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). स्पर्श अप्रतिम असतो, पण ती निसरडी आणि नाजूक असते, आणि शिकणाऱ्या बोटांत गोळा होऊन बसते. मध्यम जाडीची, पंचवीस ते तीस मायक्रॉनच्या आसपासची आणि आठ-दहा सेंटिमीटर लांबीची लोकर शोधा. कॉरिडेल जातीच्या मेंढीची उत्तम. राजस्थानातल्या चोकला जातीची लोकरही त्या भागातल्या इतर जातींच्या मानाने मऊ असते. बिकानेर ही लोकरीची मोठी बाजारपेठ असल्याने तिथल्या गिरण्यांची पिंजलेली लोकर बाजारात येते. रंग पांढरा किंवा नैसर्गिक करडा घ्या. गडद काळ्या लोकरीत पीळ नीट दिसत नाही. सुरुवातीला अडीचशे ग्रॅम पुरे.

मग आपल्या दख्खनी मेंढीच्या लोकरीचं काय? तिनेच सुरुवात करायची आहे.

ही इच्छा मला मनापासून आवडते, म्हणून सविस्तर सांगतो.

दख्खनी मेंढी ही आपल्या पठाराची. महाराष्ट्र, कर्नाटक आणि तेलंगणाच्या कोरड्या भागांत धनगर आणि कुरुबा मेंढपाळ ती पाळत आले. तिची लोकर बहुतेक काळी किंवा काळपट करडी, जाड आणि राठ असते. बऱ्याच तंतूंच्या आत पोकळ गाभा असतो, त्यामुळे ते ताठ राहतात आणि एकमेकांना कमी धरतात. वर्षातून साधारण दोनदा कातरल्यामुळे तंतूही तुलनेने आखूड. या सगळ्यामुळे तिला पीळ जास्त लागतो आणि ओढताना ती मधेच सुटते. शिकणाऱ्याचा धीर इथे सुटू शकतो.

पण याच लोकरीची घोंगडी झाली. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर भागांत बायकांनी चरख्यावर कातलेलं सूत, चिंचोक्याची खळ लावून ताठ केलेला ताणा, आणि सणगर विणकरांचा खड्ड्यातला माग. ती घोंगडी थंडीत पांघरायला, पावसात डोक्यावर घ्यायला, देवापुढे अंथरायला आणि बाळंतिणीच्या खोलीत वापरायला असे. राठ लोकर हा दोष धरून ती फेकायची की तिच्या गुणांप्रमाणे वापरायची, एवढाच प्रश्न आहे. आज ती बऱ्याच ठिकाणी फेकली जाते. कातरणीची मजुरीही लोकरीच्या पैशात निघत नाही. जतकडच्या माडग्याळसारख्या अंगावर लोकर कमी असलेल्या मांसाच्या मेंढ्यांशी संकर वाढला, तशी काळी लोकरवाली मेंढी कळपांतून कमी होत गेली.

माझा सल्ला असा: पहिले शंभर-दोनशे ग्रॅम मध्यम लोकर कातून हात बसवा, मग दख्खनीकडे वळा. तिच्यातही ‘जावळ’ मागा, म्हणजे कोकराची पहिल्यांदा कातरलेली लोकर. ती मऊ आणि टोकाला निमुळती असते, आणि जावळाच्या घोंगडीला नेहमीच जास्त मान मिळाला आहे. दुसरा उपाय म्हणजे दख्खनीत एक तृतीयांश मध्यम लोकर पिंजून मिसळणं. त्याचा धागा आसनं, पिशव्या आणि पायपुसण्यांना फार चांगला.

पहिला धागा प्रत्यक्ष कसा काढायचा?

खुर्चीवर बसा आणि टकळी गुडघ्यांत धरायची तयारी ठेवा. टकळी हवेत सोडून कातण्याची घाई नको.

लोकरीचाच हातभर तयार धागा चकतीखाली दांडीला बांधा, चकतीच्या काठावरून वर आणून आकड्यात अडकवा. त्याचं सुटं टोक थोडं उसवून फुलवा. पेळूतून वीतभर लांबीचा पातळ, विरळ पुंजका ओढा आणि तो त्या टोकावर चार-पाच सेंटिमीटर येईल असा लांबीच्या दिशेने ठेवून डाव्या हाताच्या चिमटीत धरा. उजव्या हाताने टकळी घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरवा. पीळ धाग्यातून वर चढत चिमटीपाशी येऊन थांबेल. टकळी गुडघ्यांत दाबून थांबवा.

आता धाग्यात पीळ साठला आहे. उजव्या हाताच्या चिमटीने धागा डाव्या हाताच्या जरा खाली पकडा, म्हणजे पीळ अडेल. डावा हात मागे नेत पेळू हलकेच ओढा. तंतू एकमेकांवरून सरकताना जाणवतील. हवी तेवढी जाडी आली की उजवी चिमटी सैल करून वर सरकवा. साठलेला पीळ नव्या तंतूंमध्ये धावेल आणि तुमच्या डोळ्यांदेखत धागा तयार होईल. पीळ संपला की टकळी पुन्हा फिरवा. हातभर धागा झाला की आकड्यातून काढून चकतीखाली दांडीवर गुंडाळा, आणि शेवटची वीतभर ठेवून परत आकड्यात अडकवा.

दोन चिमट्यांमधलं अंतर तंतूच्या लांबीपेक्षा थोडं जास्त हवं, ही बाब बहुतेक शिकवणारे सांगायचं विसरतात. हात जवळ असतील तर एकाच तंतूची दोन्ही टोकं तुम्हीच धरून ठेवलेली असतात. मग कितीही जोर लावा, लोकर हलत नाही. जोर लावावासा वाटला की हात लांब करा, जोर वाढवू नका.

‘फिरवा, थांबवा, ओढा’ हा क्रम न अडखळता व्हायला लागला की मग उभं राहून टकळी हवेत सोडा.

धागा सतत तुटतो. काय चुकतंय?

तुटलेलं टोक पाहा. ते मऊ, निमुळतं आणि केसाळ असेल तर तंतू एकमेकांवरून घसरले, म्हणजे पीळ कमी होता. टकळी जास्त फिरवा, किंवा ओढण्याआधी थोडं थांबा. टोक कडक, आखडलेलं असेल आणि तुटताना टचकन आवाज आला असेल तर पीळ अति झाला होता. टकळी फार जड असली तरी बारीक धागा तुटतो. टकळी उलटी फिरू लागली आणि तुमचं लक्ष गेलं नाही, तरीही तुटतो, कारण चढलेला पीळ उतरतो. वेग मंदावला की ती हाताने पकडायची सवय लावा.

जोड देताना दोन्ही टोकं फुलवून पाच-सात सेंटिमीटर एकमेकांवर ठेवा आणि पीळ चढू द्या. गाठ मारू नका. गाठ विणताना अडते आणि धुतल्यावर डोकं वर काढते.

धागा कुठे जाड, कुठे केसाएवढा बारीक येतो.

सुरुवातीला तसाच येणार. पीळ नेहमी बारीक जागी आधी धावतो, म्हणून बारीक भाग आणखी ताठ होतो आणि जाड भाग बिनपिळाचा, फुगीर राहतो. उपाय हातात आहे. फुगीर भागाच्या दोन्ही बाजूंना चिमटी धरा, पीळ थोडा उलगडा, हलकेच ओढा आणि सोडा. शिवाय कातण्याआधी पेळू उभा चिरून बोटभर जाडीच्या पट्ट्या करून ठेवा. जाड पेळूतून एकसारखं ओढणं शिकलेल्यालाही कठीण.

असा ओबडधोबड धागा फेकू नका. पुढे हात इतका सरावतो की मुद्दाम तसा काढायचा म्हटलं तरी जमत नाही, आणि टोपीच्या काठाला किंवा गालिच्याला तो फार देखणा दिसतो.

पीळ पुरेसा झाला हे कसं ओळखायचं?

ताजा धागा वीतभर सैल सोडा, तो स्वतःवर दुमडून पिळेल. त्या दुमडलेल्या तुकड्याकडे पाहा. दोन पदरी केल्यावर धागा तसाच दिसणार आहे. फारच सैल दिसला तर पीळ वाढवा, मण्यांच्या माळेसारखा कडक दिसला तर कमी करा. आवडला तर एक तुकडा कापून पुठ्ठ्यावर चिकटवा आणि कातताना समोर ठेवा.

मान आणि खांदे दुखतात.

डावा हात खांद्याच्या वर धरून कातता आहात. कोपर अंगाजवळ ठेवा, पेळू मुठीत आवळू नका. अर्ध्या तासाने उठा.

कच्ची लोकर मिळाली आहे. ती कशी धुवायची?

आधी उन्हात जुन्या चादरीवर पसरून झाडा. शेण, काटे आणि गोखरू काढा, पोटाखालची आणि शेपटीजवळची बरबटलेली लोकर बाजूला करा. ती झाडांच्या बुंध्याशी आच्छादन म्हणून चांगली. काम झाल्यावर हात साबणाने धुवा. धूळ फार असेल तर तोंडाला रुमाल बांधा, कारण कच्च्या लोकरीतून जंतुसंसर्ग होऊ शकतो.

लोकरीत मेंढीचा घाम, माती आणि लॅनोलिन नावाचा मेणचट पदार्थ असतो. घाम साध्या पाण्यात सुटतो, लॅनोलिनला गरम पाणी लागतं. मेरिनोसारख्या लोकरीत ते इतकं असतं की धुतल्यावर वजन निम्म्यावर येऊ शकतं. दख्खनीत ते कमी, माती मात्र भरपूर. मेंढपाळ कातरण्याआधी मेंढ्यांना नदीत किंवा तळ्यात घालतात, त्यातली बरीचशी तिथेच जाते.

लोकर थोडी थोडी जाळीच्या पिशवीत भरा. रात्रभर थंड पाण्यात भिजवा, घाण पाणी टाका. मग बादलीत साठ अंशांच्या आसपासचं गरम पाणी घ्या, म्हणजे हात घालवणार नाही इतकं. त्यात भांडी घासायचं द्रव साबण घाला आणि पिशवी अलगद बुडवून वीस मिनिटं सोडून द्या. ढवळू नका, चोळू नका, वरून नळ सोडू नका. पाणी कोमट व्हायच्या आत पिशवी बाहेर काढा, नाहीतर सुटलेलं मेण परत लोकरीवर बसतं. तितक्याच गरम पाण्यात आणखी एकदा साबण, मग दोनदा नुसतं पाणी.

गरम, साबण आणि घासणं हे तिन्ही एकत्र आले किंवा गरमातून एकदम गार पाण्यात टाकली, तर तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकतात आणि लोकर आवळून नमद्यासारखी, म्हणजे दाबून केलेल्या जाड लोकरी कापडासारखी होते. ती परत सुटत नाही.

कपड्यांची धुण्याची पावडर वापरू नका. तिच्यातला क्षार लोकरीला मारक आहे, आणि काही पावडरींमध्ये प्रथिनं विरघळवणारी एन्झाइम्स असतात. लोकर हे केराटिन नावाचं प्रथिनच आहे. पठारावरच्या विहिरींचं पाणी जड असतं, त्यात वडीच्या साबणाचा पांढरा साका लोकरीवर बसतो. शेवटच्या पाण्यात थोडं व्हिनेगर घातलं तर लोकर हाताला मोकळी लागते. कातलेला धागा धुवायला कोमट पाण्यात रिठे छान. सावलीत, जाळीवर पसरून वाळवा. पावसाळ्यात हे काम काढूच नये.

पिंजण्यासाठी काय वापरावं? पिंजाऱ्याची कमान तर आता मिळत नाही.

तारांचे दोन हातकार्डर (पिंजायच्या ब्रशसारख्या फळ्या) मिळतात, ते बरेच महाग असतात. कुत्र्याचे केस विंचरायचे वाकड्या तारांचे दोन ब्रश घ्या, थोड्या लोकरीला ते पुरतात. एकावर लोकर पातळ पसरा, दुसऱ्याने हलकेच विंचरा. तारा एकमेकींत रुतवू नका, फक्त लोकर एका ब्रशवरून दुसऱ्यावर जाऊ द्या. तीन-चार वेळा झालं की उचलून पेळू गुंडाळा. लोकर कोरडी पडून उडत असेल तर पाण्याचा अगदी बारीक फवारा मारून तासभर झाकून ठेवा.

पिंजणं कंटाळवाणं वाटतं, पण कातण्याचं निम्मं यश त्यात आहे. वाईट पिंजलेल्या लोकरीचा धागा कुशल हातालाही चांगला निघत नाही.

धागा दोन पदरी करणं गरजेचं आहे का?

घोंगडी एकेरी सुताची असते, तेव्हा गरजेचं नाही. पण विणकामाला दोन पदरी धागा बरा. एकेरी धाग्यातला शिल्लक पीळ विणलेलं कापड तिरकं ओढतो. दोन पदर उलट दिशेने एकत्र पिळले की दोन्ही पीळ एकमेकांना सांभाळतात, आणि एकाचा बारीक भाग दुसऱ्याच्या जाड भागाशेजारी येऊन धागा बराच एकसारखा दिसतो.

कातलेल्या धाग्याचे दोन सारखे गोळे करा आणि दोन तांब्यांत किंवा भांड्यांत ठेवा, म्हणजे ते घरभर पळणार नाहीत. दोन्ही टोकं टकळीला बांधा आणि यावेळी टकळी घड्याळाच्या उलट फिरवा. दोन्ही पदरांवर ताण सारखा ठेवा. एक सैल राहिला तर तो दुसऱ्याभोवती नुसता गुंडाळला जातो. कातणं डावरं असेल, म्हणजे आधी उलट दिशेने कातलं असेल, तर पदर घालताना सुलट. एवढं सोडलं तर डावऱ्यांना वेगळं काही नाही.

धागा झाला. लगेच विणायला घ्यावा का?

नाही, आधी पीळ बसवा. खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळून लडी करा आणि चार ठिकाणी सैल बांधा. कोमट पाण्यात वीस मिनिटं बुडवा, पिळू नका, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा. दोन्ही हातांत ताणून एक-दोनदा झटका द्या आणि टांगा. वाळल्यावर धागा थोडा आखडतो, फुगतो, आणि उठलेली वेटोळी शांत होतात. आधी त्याच्याकडे पाहून निराश झालेल्यांना धुतल्यानंतरचा धागा ओळखू येत नाही.

एका वस्तूला किती लोकर लागेल?

मोठ्या माणसाच्या टोपीला ऐंशी-शंभर ग्रॅम, स्वेटरला जाडीप्रमाणे अर्ध्या किलोच्या आसपास. स्वेटर पहिल्याच वर्षी मनावर घेऊ नका. त्यासाठी महिनोन्‌महिने एकाच जाडीचा धागा काढत राहावा लागतो. टोपी किंवा गळपट्टा धागा थोडा बदलला तरी सामावून घेतो. कच्ची लोकर घेत असाल तर हिशोबाच्या दुप्पट घ्या.

माझा धागा टोचतो. पीळ चुकला का?

पीळ अति असेल तर धागा कडक होतो, पण टोचण्याचं मुख्य कारण तंतूची जाडी. तीसेक मायक्रॉनपेक्षा जाड तंतूंची टोकं त्वचेला टोचतात, कारण ती वाकत नाहीत. धुऊन किंवा कंडिशनर लावून हे फारसं बदलत नाही. राठ लोकर अंगाला लावायच्या कपड्यांसाठी नाहीच, तिची जागा अंथरायला आणि पिशव्यांना.

घरच्या घरी रंगवता येईल?

येईल. तुरटीच्या पाण्यात तासभर मंद तापवून मग रंगात घाला. डाळिंबाच्या सालीचा पिवळट-तपकिरी आणि मंजिष्ठेचा तांबडा टिकाऊ. हळदीचा रंग पहिल्या दिवशी मोहात पाडतो आणि उन्हात उडतो. तापवणं आणि गार होणं, दोन्ही सावकाश.

लोकरीला कसर लागते. कशी जपावी?

कसरीच्या अळ्यांना घामट, मळकी लोकर फार आवडते, म्हणून न धुतलेली लोकर घरात ठेवू नका. धुतलेली लोकर पूर्ण वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात किंवा सीलबंद पिशवीत ठेवा. वेखंडाचे तुकडे आणि कडुनिंबाचा वाळला पाला आपल्या घरांत पूर्वीपासून घालतात, त्याने कीड दूर राहायला मदत होते, पण आधीच पडलेली अंडी मरत नाहीत. शंका आली तर पिशवी बंद करून दोन आठवडे फ्रीझरमध्ये ठेवा. दर दोन-तीन महिन्यांनी डबा उघडून लोकर उन्हात हलवा.

मुलांना शिकवता येईल का?

सात-आठ वर्षांपासून सहज. जाड धागा, हलकी टकळी, गुडघ्यांतली पद्धत. बारीक कातण्याची अपेक्षा ठेवू नका.

मी महाराष्ट्राबाहेर, परदेशात राहते. इथे काय शोधू?

तुम्हाला सामान मिळवणं आमच्यापेक्षा सोपं आहे. ब्रिटनमध्ये ब्लूफेस्ड लेस्टर आणि शेटलंड, न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियात कॉरिडेल आणि रोमनी, या सगळ्या शिकायला उत्तम लोकरी. न्यूयॉर्क राज्यात ऱ्हाइनबेकला ऑक्टोबरमध्ये आणि ऑस्ट्रेलियात बेंडिगोला जुलैमध्ये मेंढी-लोकरीचे मोठे मेळे भरतात. तिथे वेगवेगळ्या जातींची लोकर हाताळून घेता येते आणि टकळ्या फिरवून पाहता येतात.

चरखा कधी घ्यावा, आणि कोणता?

टकळीवर न पाहता ओढता येऊ लागलं आणि आता वेग हवासा वाटला की. लोकरीसाठी पायाने चालणारा, फ्लायरचा (धागा रिळावर भरणाऱ्या फिरत्या दुबाहू भागाचा) चरखा सोयीचा. तो कातता कातताच धागा गुंडाळतो, आणि खेच किती ठेवायची ते खुंटीने कमीजास्त करता येतं. उत्तराखंडात लोकरीसाठी बागेश्वरी चरखा वापरतात. घेण्याआधी तासभर चालवून पाहा. चाक डुलत असेल किंवा पायपट्टी अडत असेल तर स्वस्तात मिळाला तरी नको.

धनगर मेंढपाळांकडून लोकर कशी मिळवावी?

थेट बोलून. पाऊस संपल्यावर दिवाळीच्या सुमारास माण, फलटण, बारामतीकडचे वाडे, म्हणजे मेंढपाळांचे फिरते तळ, घाट उतरून कोकणाकडे निघतात आणि पावसाआधी परततात. कातरणी साधारणपणे पावसाळ्यानंतर एकदा आणि उन्हाळ्याच्या सुमारास एकदा होते. ती होण्याआधी भेटलात तर हवं ते सांगता येतं. पाठीवरची आणि खांद्यावरची लोकर वेगळी ठेवा, जावळ वेगळं ठेवा, एकाच जागी दोनदा कातर चालवू नका. दोनदा कातरलं की आखूड चुरा पडतो आणि त्याच्याच पुढे धाग्यात गाठी होतात. पुण्यातल्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाकडेही चौकशी करता येते, त्यांचे मेंढी पैदासीचे प्रक्षेत्र राज्यात आहेत. राजस्थानातल्या अविकानगरची केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था १९६२ पासून याच विषयावर काम करते आहे.

वाड्यावरच्या म्हाताऱ्या बायकांना कातायला येतं का ते आवर्जून विचारा. येत असेल तर बसा, पाहा, आणि त्यांच्या वेळेचे पैसे द्या. लोकर कुणी फुकट देऊ केली तरी किलोमागे पैसे द्या, निदान कातरणीची मजुरी निघेल इतके तरी. पोतं ताडपत्रीचं नको, गोणपाटाचं घ्या. ताडपत्रीत लोकर घामेजते आणि घरी पोहोचेपर्यंत वास धरते.